जुनी जीप नेमकी कुठे थरथरते? भाग बदलण्याआधी वेग, इंजिन की भार ते ओळखा

पुनावळे : गाव १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेलं, वावरांच्या जागी टॉवर उभे राहिले. तरी पुनावळे, जांबे, मारुंजी, नेरे या पट्ट्यात जुन्या फोर व्हील ड्राइव्ह जीपा अजून रोजच्या कामात दिसतात. खताची पोती, दुधाचे कॅन, विहिरीवरची मोटर, लग्नसराईतली माणसं, सगळी ने-आण त्यातूनच. सकाळी बांधावरच्या चिखलात आणि दुपारी मुंबई-बंगळुरू महामार्गावर ट्रकच्या रांगेत, अशी त्यांची दुहेरी धाव असते. अडचण इथेच आहे. वावरात २० च्या वेगाला जाणवतही नाही ती थरथर महामार्गावर ६० ला स्टेअरिंग हातातून हिसकावते.

थरथर सुरू झाली की पुढचा क्रम बहुतेकांचा ठरलेला. आधी व्हील बॅलन्सिंग, मग शॉकअप, मग क्रॉस, शेवटी चारही टायर. पैसे जातात, थरथर तिथेच राहते. कारण सोपं आहे. एका ठिकाणी तयार होणारी थरथर चासीमधून फिरून भलत्याच ठिकाणी जाणवते. शाफ्ट मागे हलतो आणि कंप सीटखाली येतो, चाक पुढे डगमगतं आणि आवाज डॅशबोर्डचा होतो. म्हणून भागाला हात लावण्याआधी ही थरथर कशाशी बांधलेली आहे ते ठरवायचं. गाडीच्या वेगाशी, इंजिनच्या फेऱ्यांशी, की पेडलवरच्या भाराशी? या तिघांपैकी एक पक्कं झालं की निम्म्याहून जास्त गाडी संशयातून सुटते.

आधी गाडीची रचना समजून घ्या

महिंद्राने १९४७ मध्ये भारतात विलीज जीपची जोडणी सुरू केली. पुढे आलेल्या सीजे मालिका, एमएम ५४०, मेजर, कमांडर या गाड्यांचा सांगाडा त्याच घराण्याचा. शिडीसारखी चासी, पुढे-मागे पाटे, आणि गरजेपुरती फोर व्हील, म्हणजे लिव्हर टाकला तरच पुढची चाकं ओढणार. इंजिनची ताकद क्लच, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, तिथून पुढचा-मागचा शाफ्ट, मग डिफरन्शियल, ॲक्सल आणि चाक या वाटेने जाते. थरथरीचा शोधही याच वाटेवर घ्यायचा.

१९८५ मध्ये आलेल्या मारुती जिप्सीत एक फरक आहे. तिचा ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटलेला नाही. तो रबरांवर वेगळा टांगलेला असतो आणि दोघांच्या मध्ये एक आखूड शाफ्ट असतो. ही रबरं बसली की पूर्ण ट्रान्सफर केस डुलतो आणि तिन्ही शाफ्टचे कोन बिघडतात. त्यामुळे जिप्सीत क्रॉस बदलण्याआधी ही रबरं बघावीत.

रस्त्यावरच्या चार चाचण्या

चाचणी महामार्गावर नको. सकाळी लवकर मोकळा, सरळ, डांबरी रस्ता निवडा. एक माणूस सोबत घ्या. टायरची हवा आधी सारखी करून घ्या. रिमच्या आतली वाळलेली काळी माती खरवडून धुऊन काढा. एका बाजूला चिकटलेला चिखलाचा गोळा चाकाचं बॅलन्सिंग पूर्ण बिघडवतो. पावसाळ्यानंतरच्या कित्येक तक्रारी गाडी धुतल्यावरच मिटतात.

पहिली चाचणी उभ्या गाडीवर. न्यूट्रलमध्ये हळूहळू रेस वाढवा. उभ्या गाडीतच थरथर आली तर चाकं, शाफ्ट, पाटे सगळे निर्दोष. संशय इंजिनवर, फाउंडेशन रबरावर किंवा क्लचवर. क्लच दाबल्यावर थरथर बदलते का तेही बघा.

दुसरी, ज्या वेगाला थरथर येते त्या वेगाला मागे कुणी नाही हे बघून क्लच दाबा आणि पेडल सोडा. इंजिन आयडलवर जाईल, गाडी तशीच पळत राहील. थरथर तशीच राहिली तर ती चाकं, शाफ्ट किंवा डिफरन्शियलची. लगेच थांबली तर इंजिनची किंवा भाराची. चावी मात्र बंद करायची नाही.

तिसरी, तोच वेग एक गिअर खाली टाकून धरा. ही चाचणी बहुतेक जण वगळतात आणि तिथेच फसतात. जुन्या चार गिअरच्या जीपमध्ये टॉप गिअर थेट असतो, ट्रान्सफर केसचा हाय रेंजही थेट. म्हणजे टॉपमध्ये इंजिन आणि शाफ्ट एकाच गतीने फिरतात. दोघांपैकी कोण थरथरतंय हे टॉप गिअरमध्ये कळूच शकत नाही. तिसऱ्यात त्याच वेगाला इंजिन जास्त फिरतं, शाफ्ट तेवढाच. थरथर तीच राहिली तर शाफ्ट किंवा चाक, बदलली तर इंजिन. पाच गिअरच्या गाडीत थेट गिअर साधारण चौथा असतो, तेव्हा तुलना तिसरा-चौथा आणि चौथा-पाचवा अशी करावी.

चौथी, वेग तोच ठेवून पेडल जरा दाबा, मग सोडा. दाबल्यावर घरघर वाढत असेल किंवा सोडल्यावर सूर बदलत असेल तर पिनियन बेअरिंग, क्रॉस किंवा पाटे भाराखाली सरकत असण्याची शक्यता. फक्त ब्रेक मारताना थरथरत असेल तर गोष्ट वेगळी, ड्रम तपासा. गाडी उचलतानाच पहिल्या गिअरमध्ये हादरत असेल तर क्लच प्लेटवर ऑइल आलंय का ते बघा.

खडू, टेप आणि थोडी आकडेमोड

थरथर सेकंदाला किती वेळा होते यावरूनही भाग ओळखता येतो. त्यासाठी दोनच आकडे लागतात आणि दोन्ही घरी मिळतात. टायरवर खालच्या बाजूला खडूची खूण करा, सपाट जमिनीवर गाडी बरोबर एक फेरा ढकला आणि अंतर टेपने मोजा. मागच्या शाफ्टवरही खूण करा आणि चाकाच्या एका फेऱ्यात शाफ्ट किती वेळा फिरला ते मोजा. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये. ढकलणारा एक, मोजणारा बाजूने बघणारा दुसरा. चालत्या गाडीखाली कुणीही डोकं घालू नये.

उदाहरण बघा. सीजे-३बी जीपचं डिफरन्शियल ५.३८ चं, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ५.३८ फेरे. टायर एका फेऱ्यात सुमारे २.२ मीटर जातं असं धरू. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. म्हणून:

चाक : सेकंदाला साधारण साडेसात फेरे
शाफ्ट : सेकंदाला साधारण ४१ फेरे
क्रॉसचा झटका : प्रत्येक फेऱ्याला दोन, म्हणजे सेकंदाला साधारण ८२

सेकंदाला सात-आठ वेळा होणारं हलणं हाताला मोजता येतं. स्टेअरिंग डावं-उजवं डगमगतं, सीट हलते. तो चाक-टायरचा दोष. सेकंदाला ४० म्हणजे गुणगुणणारा कंप, आरशातलं चित्र पुसट होतं, फरशीवर पायाला मुंग्या येतात. तो शाफ्टचा. ८० च्या आसपास घोंगावणारा आवाज येतो, तो क्रॉस किंवा चुकलेल्या कोनाचा. अंदाज नको असेल तर मोबाइलवर मोजता येतं. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं फायफॉक्स हे ॲप मोफत आहे. फोन फरशीवर घट्ट चिकटवून त्यातला कंपनाचा आलेख सोबतच्या माणसाने बघावा, चालकाने नाही. काही फोन सेकंदाला १०० वेळाच मोजतात. त्यांत ५० च्या वरचा कंप नीट दिसत नाही, पण चाक आणि शाफ्ट वेगळे करायला तेवढं पुरतं.

चाकं आणि टायर

दोष चाकाकडे गेला तर आधी फुकटातल्या तपासण्या. चाक जॅकवर उचलून हाताने फिरवा आणि शेजारी एक काडी स्थिर धरा. टायर काडीला एका जागी घासतो आणि दुसऱ्या जागी सोडतो तर रिम वाकलेली आहे किंवा टायर फुगलेलं आहे. टायरवर एका जागी उंचवटा दिसला तर आतला पट्टा सुटतोय. ते टायर बॅलन्सिंगने सुधारत नाही, फुटतं. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे वय सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. वर्षात जेमतेम फिरणाऱ्या जीपचं टायर नक्षी शाबूत असूनही कडक होऊन गेलेलं असतं.

मग चाक घड्याळासारखं धरा. १२ आणि ६ वर धरून हलवल्यावर खडखड आली तर हब बेअरिंग किंवा किंगपिन. ९ आणि ३ वर आली तर टाय रॉड एंड. पहिल्या प्रकारात सोबतच्याला ब्रेक दाबायला सांगा. खडखड थांबली तर बेअरिंग, राहिली तर किंगपिन. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या गाडीत किंगपिनच्या जागी बॉल जॉइंट समजावा.

शाफ्ट, क्रॉस आणि कोन

शाफ्टखाली जाण्याआधी एक धोका प्रत्येकाने लक्षात ठेवावा. विलीज घराण्याच्या जुन्या जीपांत हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागे, शाफ्टच्या तोंडावर असतो. मागचा शाफ्ट सोडला की हँडब्रेक गेला. पुढची चाकं जोडलेली नसतील तर गिअरमध्ये टाकूनही गाडी थांबत नाही. उतारावर शाफ्टचा शेवटचा बोल्ट निघाला की गाडी खालच्या माणसावरून जाऊ शकते. म्हणून सपाट जागा, चारही चाकांना पुढून-मागून दगड किंवा ठोकळे, आणि नुसत्या जॅकवर कधीच नाही, स्टँड हवाच. काळ्या मातीत जॅकखाली जाड फळी टाकावी, नाहीतर तो रुततो.

क्रॉस तपासताना शाफ्ट एका हाताने आणि फ्लँज दुसऱ्या हाताने धरून उलटसुलट पिळा. थोडाही खेळ दिसला तर क्रॉस गेला. कपाजवळ तपकिरी-लाल भुकटी दिसली तर आतल्या सुया कोरड्या पडून गंजल्या. हळू चालताना चिमणीसारखा चिवचिवाट, रिव्हर्स टाकताना ‘टक्’ आवाज, ही त्याचीच लक्षणं. ग्रीस मारताना चारही टोकांतून ताजं ग्रीस बाहेर येईपर्यंत मारावं. ओढा किंवा कॅनॉल ओलांडणाऱ्या गाडीला हे जास्त वेळा लागतं.

क्रॉस चांगले असून कंप असेल तर शाफ्टवर नजर फिरवा. पिचका आहे का, वेल्डिंग केलेली बॅलन्सची छोटी पट्टी गळून पडली आहे का, डांबर किंवा चिखल चिकटलाय का? शाफ्टची दोन्ही टोकं एकाच रेषेत आहेत का तेही बघा. शाफ्टच्या मध्ये सरकणारा दातेरी जोड असतो. तो काढून बसवताना एक दात जरी चुकला तरी दोन्ही क्रॉसचे झटके एकमेकांना मारण्याऐवजी कंप वाढवतात. कंपनीच्या बाणांच्या खुणा समोरासमोर हव्यात. नसतील तर काढण्याआधी खडूने किंवा पंचने स्वतः करून ठेवाव्यात.

उंच केलेल्या जीपांत सर्वांत मोठा गोंधळ कोनाचा असतो. ट्रान्सफर केसचं तोंड आणि डिफरन्शियलचं तोंड शक्यतो समांतर हवं, फरक एखाद्या अंशाचाच. फोनमधल्या लेव्हलने तो मोजता येतो. शाफ्ट जितका आखूड तितकी उंची महाग पडते. शाफ्ट २० इंचांचा असेल तर गाडी २ इंच उचलल्यावर कोन जवळपास ६ अंशांनी वाढतो. ४० इंचांचा असेल तर ३ अंशांनी. सीजे-३बी चा व्हीलबेस ८० इंचांचाच आहे, म्हणून छोट्या जीपला लांब शॅकल लावून उंची दिली की थरथर हमखास. मग पाट्याखाली कोनाची पाचर टाकून डिफरन्शियलचं तोंड सुधारावं लागतं.

दोषी शाफ्ट पुढचा की मागचा? पुढच्या चाकांना फ्री करणारे हब असतील तर ते फ्री करून चालवा. पुढचा ॲक्सल आणि शाफ्ट फिरायचे थांबतील. हब नसतील तर टू व्हीलमध्येही पुढचा शाफ्ट कायम फिरत असतो. तो काढून टू व्हीलवर एक चक्कर मारा. थरथर गेली तर शोध संपला. शाफ्ट वाकलेला निघाला तर घरी ठोकून सरळ करू नये. चिंचवड-भोसरीच्या औद्योगिक पट्ट्यात लेथ आणि बॅलन्सिंगची कामं होतात, तिथेच न्यावा.

डिफरन्शियलच्या तोंडाची फ्लँज हाताने वर-खाली हलवा. हलली तर पिनियन बेअरिंग. वळणावर एकाच बाजूला घरघर वाढत असेल तर त्या चाकाचं बेअरिंग.

पाटे, यू बोल्ट आणि बुश

पाट्यांचा दोष स्वतः थरथर कमी निर्माण करतो, दुसऱ्याची थरथर मोठी करून दाखवतो. मुख्य तपासणी चार गोष्टींची. यू बोल्ट ढिले आहेत का? नवीन पाटे बसवल्यावर काही शे किलोमीटरनंतर ते पुन्हा आवळावे लागतात. पाट्यांच्या मधला सेंटर बोल्ट तुटलाय का? तो तुटला की ॲक्सल मागे-पुढे सरकतो. डाव्या आणि उजव्या बाजूला पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर टेपने मोजा, फरक दिसला तर कारण मिळालं. शॅकलचे बुश कापून अंडाकृती झालेत का? आणि पाट्यांना बांधणाऱ्या पकडी शाबूत आहेत का?

चढावर भरलेली गाडी उचलताना मागून धडधड येत असेल तर पाटे ताकदीखाली पिळले जाऊन डिफरन्शियलचं तोंड वर उचलतंय असं समजावं. थकलेल्या पाट्यांत हे जास्त होतं. शॉकअपसाठी कोपरा दाबून सोडा. गाडी दोनदा-तीनदा डुलत राहिली तर शॉकअप गेले.

पुढची चाकं फडफडणं : याला थांबा

४० ते ६० च्या वेगात एखादा खड्डा किंवा पुलाचा जोड लागला आणि पुढची दोन्ही चाकं जोरजोरात डावी-उजवी फडफडायला लागली, तर तो सगळ्यांत घातक प्रकार. एकजीव ॲक्सलच्या गाड्यांत हे होतं, आणि एकदा सुरू झालं की वेग उतरल्याशिवाय थांबत नाही. अशा वेळी वेग वाढवून त्यातून बाहेर पडू नये, जोराचा ब्रेकही मारू नये. स्टेअरिंग घट्ट धरून पेडल सोडावं आणि गाडी हळूहळू कडेला घ्यावी.

याचं कारण बहुधा एक भाग नसतो, तीन-चार जागचा थोडा थोडा खेळ एकत्र येतो. गाडी जमिनीवर उभी ठेवून सोबतच्याला स्टेअरिंग थोडं डावं-उजवं करायला सांगा आणि बाजूने वाकून एकेक जोड बघा. टाय रॉड एंड, ड्रॅग लिंक, चासीला धरणारे स्टेअरिंग बॉक्सचे बोल्ट, पुढच्या पाट्यांचे बुश. जिथे एक भाग हलतो आणि पुढचा उशिरा हलतो, तिथे खेळ. मग हब बेअरिंग, किंगपिन बेअरिंग आणि शेवटी अलाइनमेंट. किंगपिनचा ताण पातळ शिम्स कमी करून परत आणता येतो, तो मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणेच ठेवावा. शॅकल लांब केले की किंगपिनचा कल बदलतो आणि चाक सरळ राहण्याची ओढ कमी होते.

बाजारात स्टेअरिंग डॅम्पर मिळतो. तो लावल्यावर फडफड तात्पुरती दबते, खेळ तसाच वाढत राहतो. आधी खेळ काढावा, मगच डॅम्पर.

फोर व्हील टाकल्यावरच त्रास होत असेल तर

डांबरी रस्त्यावर फोर व्हील टाकून वळल्यावर गाडी अडते, स्टेअरिंग जड होतं, झटके बसतात. हा बिघाड नाही. या गाड्यांत पुढच्या-मागच्या शाफ्टना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी सोय नसते, म्हणून ताण अडकतो. फोर व्हील चिखलात, वाळूत, ओल्या गवतातच वापरावी. सरळ रस्त्यावरही असंच होत असेल तर चारही टायरचा एका फेऱ्यातला प्रवास खडूने मोजा. पुढे एका मापाचे, मागे दुसऱ्या मापाचे किंवा दोन नवे-दोन झिजलेले टायर असले की ट्रान्सफर केस भरडला जातो.

एका नजरेत

- उभ्या गाडीत थरथर : इंजिन, फाउंडेशन रबर, क्लच
- क्लच दाबूनही त्याच वेगाला थरथर : टायर, रिम, शाफ्ट
- स्टेअरिंग हळू डगमगतं : पुढची चाकं, हब बेअरिंग
- फरशीला गुणगुण, आरसा पुसट : शाफ्टचं बॅलन्सिंग, क्रॉस, कोन
- पेडल दाबल्यावर घरघर : पिनियन बेअरिंग, पाट्यांचं पिळणं
- रिव्हर्सला ‘टक्’ : क्रॉस, शाफ्टचे दाते, ढिले फ्लँज बोल्ट
- खड्ड्यानंतर फडफड : स्टेअरिंगचे जोड, किंगपिन, बुश

गाडी जागेवर कधी सोडावी

क्रॉसचा कप निसटलेला दिसला, फ्लँजचा एकही बोल्ट कमी असला, सेंटर बोल्ट तुटलेला असला, टायरला फुगवटा असला किंवा फडफड एकदा जरी आली, तर गाडी हळू चालवत गॅरेजपर्यंतही नेऊ नये. मागचा शाफ्ट चालत्या गाडीत तुटला तर तो खाली लोंबकळून रस्त्यावर आपटतो, पेट्रोल-डिझेलच्या पाइपला लागतो, आणि विलीज घराण्याच्या जीपमध्ये हँडब्रेकही त्याच्याबरोबर जातो. पुढचा शाफ्ट पुढच्या टोकाला सुटला तर तो जमिनीत रुतून गाडी उचलूही शकतो. अशा वेळी मिस्त्रीलाच गाडीपाशी बोलवावं.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी नूतनीकरणाला येते आणि पुढे पाच-पाच वर्षांनी. एमएच-१४ पासिंगच्या बऱ्याच जुन्या जीपा या टप्प्यावर आहेत. तपासणीच्या तारखेआधी महिनाभर वरच्या चार चाचण्या करून काय आढळलं ते वहीत लिहून ठेवावं : कोणता वेग, कोणता गिअर, पेडल दाबलेलं की सोडलेलं. मिस्त्रीपुढे ‘गाडी थरथरते’ एवढंच सांगितलं तर तो अंदाजाने भाग बदलेल. ‘५५ ला येते, क्लच दाबूनही राहते, तिसऱ्यातही तीच’ असं सांगितलं तर तो थेट शाफ्टखाली जाईल.